खारं वर चढतं

बर्फाची लादी धक्क्यावर आपटली की आवाज कसा खणखणीत यायला हवा. त्या सकाळी नुसतं भस्स झालं आणि लादीचे तुकडे पसरले. तुकडे तरी कसले, ओल्या मिठाची ढेकळंच. बोटवाल्यानं त्यातलं एक उचललं, दोन बोटांत चुरलं आणि बर्फवाल्याच्या नाकासमोर धरलं.

"हा बर्फ म्हणायचा की भुसा? आठवडाभर समुद्रात राहायचंय मला. हा तर बंदर ओलांडायच्या आत पाणी होईल."

बर्फवाल्यानं तो चुरा जिभेला लावला आणि त्याचा चेहरा उतरला.

"खारट ना?" बोटवाला म्हणाला. "समुद्रात खारं पाणी कमी पडलं म्हणून तुझ्याकडून विकत घेऊ होय?"

खलाशी फिदीफिदी हसले. बर्फवाला हसला नाही. मासेमारीची बंदी नुकतीच उठली होती, धक्क्यावर बोटी एकीला एक खेटून उभ्या होत्या आणि सगळ्यांना बर्फ आजच्या आज हवा होता. वर्षाचं पोट याच आठवड्यांवर. अशा वेळी एकदा नाव गेलं की गिऱ्हाईक दारातसुद्धा उभं राहत नाही.

तो तणतणत कारखान्यात आला. कारखाना म्हणजे गल्लीच्या टोकाची लांबलचक शेड, आणि तिच्या पाठीला पाठ लावून त्याचं घर. आत एका मोठ्या हौदात मिठाचं पाणी बर्फाहून गार करून ठेवलेलं असे. बोअरचं गोडं पाणी पत्र्याच्या उंच साच्यांत भरायचं, साचे त्या हौदात उभे सोडायचे, की आतल्या पाण्याची लादी होते. साच्याला कुठे भोक पडलं, तर हौदातलं खारं आत शिरतं. बर्फ खारट झाला म्हणजे साचा गळतोय, हे या धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं.

"साचे गळतायत," तो मिस्त्रीसमोर जाऊन उभा राहिला.

मिस्त्री कंप्रेसरपाशी उकिडवा बसला होता. माणूस मोठा तिखट कानाचा. मशीन नुसतं खाकरलं तरी याला घरी बसल्या कळायचं, असं गल्लीत म्हणत.

"नाही गळत. एकूण एक साचा परवाच टांगून बघितलाय."

"मग मीठ काय आभाळातून पडलं?"

"ते मला नाही ठाऊक. पण साचे धड आहेत."

"तुझे डोळे धड आहेत का ते बघ आधी! सगळ्या धक्क्यावर माझी शोभा झाली आज."

शेडमधली माणसं हातातलं काम तसंच ठेवून बघत होती. मिस्त्रीनं सावकाश उठून हातातला पाना हौदाच्या कठड्यावर ठेवला, फडक्याला हात पुसले.

"डोळस माणूस शोधा मग," तो म्हणाला आणि चालता झाला. बर्फवाल्याच्या ओठांवर हाक आली होती, पण माणसं बघत होती म्हणून त्यानं ती गिळली.

घरात पाऊल टाकलं तर तिथे निराळंच पेटलेलं. आई स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी, बायको खुर्चीत, पाय समोरच्या स्टुलावर. सातवा महिना चालू होता. पाय सुजून उशीसारखे झाले होते, बोटातली अंगठी साबण लावूनही निघत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या होत्या आणि मीठ पार बंद केलं होतं. आईनं तर मिठाची बरणीच उचलून आपल्या कपाटात ठेवली होती. तरी काल दाब मोजला तो आणखी चढलेला.

"मी म्हणते, खात नाही तर चढतो कसा?" आई म्हणाली. "कुणीतरी चोरून खातंय. डोहाळ्यांत जीभ ऐकत नाही, मला का कळत नाही?"

"आई, बाळाची शपथ, कण नाही खाल्ला." बायकोचा आवाज रडवेला झाला. "अळणी खाऊन खाऊन अन्नावरची वासना उडालीय माझी."

दोघी त्याच्याकडे बघू लागल्या, जणू निवाडा आता यानं द्यायचा. त्याच्या डोक्यात लाद्या घुमत होत्या. "जरा जपून खात जा ना," एवढंच तो म्हणाला. बायकोनं मान फिरवली. त्या एका वाक्यात आपण कुणाच्या बाजूनं बोललो, हे त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

तेवढ्यात दार वाजलं. दारात त्याची थोरली बहीण. खांद्याला पिशवी, पायांत धुळीचे बूट. ताई मोठ्या शहरात असायची, जमिनीखालच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या खात्यात.

"अशी अचानक?"

"तू नाही बोलावलंस, पण हिनं बोलावलं." ताईनं भावजयीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग पायांवर बोट दाबून पाहिलं. खळगा पडला आणि तसाच राहिला. ताईचा चेहरा बदलला.

"ताई, मी माहेरी जाऊन आले ना, तेव्हापासून सांगतेय. इथलं पाणी खारट लागतं. हे सगळे हसतात मला."

"माहेरचं पाणी कुठल्या पोरीला गोड लागत नाही?" आई म्हणाली. हे वाक्य तेव्हाही म्हटलं गेलं होतं आणि तेव्हा सगळेच, बर्फवालाही, पोट धरून हसले होते.

ताईनं पिशवीतून पेनाएवढं एक यंत्र काढलं. पिण्याच्या पिंपातलं पाणी पेल्यात घेतलं, यंत्राचं टोक त्यात बुडवलं. आकडे भराभर चढले आणि थांबले. तिनं यंत्र झटकलं, पुसलं, पुन्हा बुडवलं. पुन्हा तेच.

"तुम्ही हे पिताय?" ती हळूच म्हणाली.

"दुसरं काय पिणार? बोअरचं आहे, स्वच्छ."

"स्वच्छ आहे. आणि खारंही आहे. रोज थोडं थोडं वाढत गेलं, म्हणून जिभेला कळलं नाही. ही बाहेर राहून आली, तिला कळलं. दिवसभरात जेवढं पाणी ही पिते ना, त्यातून चमचाभर मीठ पोटात जात असेल तिच्या."

कपाटाची किल्ली आईच्या कमरेला होती. तिचा हात आपोआप तिकडे गेला.

बर्फवाल्यानं मात्र जोरात मान हलवली. "हौदाचं पाणी कुठूनतरी घराच्या नळात येत असेल. साचे गळतायत माझे, त्यातलाच काहीतरी घोळ."

"चल, बघू."

शेडमध्ये बोअरचा पाइप जमिनीतून वर येतो तिथे एक छोटी तोटी होती. हौदाशी, साच्यांशी तिचा काही संबंध नव्हता. जमिनीतलं पाणी जसंच्या तसं. ताईनं तिथलं पाणी घेतलं, यंत्र बुडवलं आणि ते त्याच्या हातात दिलं. "वाच."

त्यानं वाचलं. पिंपातला आणि हा आकडा एकच होता.

म्हणजे साचे धड होते. मिस्त्रीचे डोळेही.

"बोअरमध्ये मोटर कुठवर सोडलीयस?" ताईनं विचारलं.

त्यानं खाली जाणाऱ्या पाइपाकडे पाहिलं. गेल्या उन्हाळ्यात पाणी कमी पडायला लागलं होतं. तेव्हा त्यानं बोअर आणखी खोल मारून घेतली होती, मोठी मोटर आणून पार तळाशी सोडली होती. पाणी धो धो आलं होतं. त्या दिवशी त्यानं कारखान्यात सगळ्यांना चहा पाजला होता.

त्याची नजर पाइपावरच खिळलेली पाहून ताईला कळायचं ते कळलं. तिनं एक पालथा साचा ओढला आणि त्यावर बसली.

"दुधावर साय असते ना, तसं समज. किनाऱ्यापाशी जमिनीखाली खारं पाणी असतंच, जड असतं म्हणून खाली बसतं. पावसाचं गोडं मुरतं ते त्याच्यावर तरंगतं. वरवरचं थोडं थोडं काढलंस तर वर्षानुवर्षं पुरतं. पण तू खोलवरून हिसका मारून ओढलंस, की खालचं खारं टेकडीसारखं वर चढतं. एकदा चढलं की सहज उतरत नाही."

"आणि बाकीचे?" बर्फवाला उसळला. "खाडीच्या तोंडाची वाळू उपसून नेली, भरतीचं पाणी आता पार पुलापर्यंत येतं, ते नाही दिसलं तुला? तो कोळंबीचा तलाववाला खारं पाणी शेतात भरून बसलाय, ते नाही मुरत? पाऊस यंदा निम्म्यावर थांबला, तोही मीच थांबवला?"

"सगळं खरं आहे."

"मग मीच एकटा का?"

"एकटा नाहीस. पण पावसाला बटण नाही. तुझ्या मोटरला आहे."

शेडबाहेर लॉऱ्यांचे भोंगे वाजत होते. बर्फ न्यायला त्या गल्लीत रांग लावून उभ्या होत्या.

"आज बंद केली तर मी बसलोच," तो म्हणाला. "घरात पाण्याचे जार आणतो, आत्ताच्या आत्ता. हिच्या पोटात थेंब जाणार नाही या पाण्याचा. बोटी जाऊ दे, मग तू म्हणशील ते करीन. चार दिवस दे."

"आणि गल्लीतली विहीर? सगळी गल्ली पिते ते पाणी. ती तुझ्या बोअरपासून हाकेच्या अंतरावर आहे."

दोघं विहिरीवर गेली. ताईनं दोरीला बाटली बांधून पाणी काढलं. आकडा घरच्यापेक्षा कमी होता, पण चांगला म्हणावा असा नव्हता. रहाटापाशी शिंपीण मावशी कळशी भरत होती. गल्लीच्या मधोमध तिचं शिवणकामाचं दुकान. "ताई, कधी आलीस? काय बघतेस गं त्यात?" तिनं विचारलं.

ताईनं भावाकडे पाहिलं. तिच्या नजरेत सरळ प्रश्न होता. त्यानं किंचित मान हलवली, नको म्हणून.

"सहज," ताई म्हणाली. मावशी कळशी कमरेवर घेऊन गेली. ती नजरेआड झाल्यावर ताई त्याच्याकडे वळली. "चार दिवस मी देऊ शकत नाही. संध्याकाळपर्यंत तू सांग गल्लीला. नाही सांगितलंस तर मी सांगणार. तू भाऊ आहेस म्हणून संध्याकाळ. दुसरा कुणी असता तर आत्ताच ओरडले असते."

त्यानं जार मागवले. ते घरात आले तेव्हा त्याला वाटलं, निम्मं तरी निस्तरलं. मग तो पुन्हा लाद्यांच्या मागे लागला. मिस्त्री नव्हता, साचे उचलायची साखळी अडकत होती, माणसं एकमेकांवर खेकसत होती. मोटर चालूच होती. तिची घरघर आजवर त्याला कधी जाणवली नव्हती. आज ती दाढदुखीसारखी ठणकत होती. पिकअप भरून तो स्वतःच धक्क्यावर गेला आणि त्या बोटवाल्याला म्हणाला, "या लाद्या आधीच्या आहेत, कडक आहेत." ते खोटं होतं. बोटवाल्यानं लादीवर हात फिरवला, त्याच्याकडे पाहिलं आणि लाद्या उतरवून घ्यायला लागला.

दुपार कलायच्या बेतात होती तेव्हा फोन आला. ताईचा. "लवकर ये. डोकं फुटतंय म्हणतेय, डोळ्यांपुढे ठिणग्या दिसतायत. गाडी घेऊन ये."

गाडी म्हणजे ती पिकअपच. निम्म्या लाद्या अजून मागे होत्या. त्यानं तशीच फिरवली. बोटवाला ओरडला, "अरे, माल!" पण बर्फवाल्याचा चेहरा बघून त्यानं गाडीची मागची फळी सोडली आणि उडी मारून शेजारी बसला. "काय झालं?" "बायको," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

घरापर्यंत तो आला, बायकोला उचलून पुढच्या सीटवर बसवलं. तिचे डोळे मिटलेले, हात कपाळावर. आई तिला धरून बसली. ताई मागे लाद्यांवर चढली. आणि गाडी वळवून गल्लीत घातली तर समोर लॉरी. तिच्यामागे लॉरी. तिच्यामागे आणखी एक. तो आत आला तेव्हा कडेनं जेमतेम वाट होती, तेवढ्या वेळात आणखी लॉऱ्या घुसून घरापासून हमरस्त्यापर्यंत सगळी गल्ली ठासून भरली होती. सगळ्या त्याच्याच बर्फासाठी आलेल्या.

त्यानं भोंगा दाबला तो दाबलाच. पुढचा ड्रायव्हर खिडकीतून हात हलवून म्हणाला, "मागे घ्यायला जागा कुठाय?"

"दिसत नाहीये मला," बायको म्हणाली. अगदी शांतपणे म्हणाली, त्यामुळेच तो जास्त घाबरला. "समोर तुम्ही आहात ना?"

"आहे. आहे गं, इथेच आहे." खाली उतरून धावावं की हिला सोडू नये, काही सुचेना.

बोटवाला उतरला होता. भर वाऱ्यात एका बोटीवरून दुसऱ्या बोटीला हाक मारणारा गळा तो. "शेवटची लॉरी! हमरस्त्याला घे मागे! बाई अडलीय इथे! ए, तू झोपलास का? घे मागे!" तो एकेका बोनेटवर थापा मारत पळत सुटला. पार टोकाला एक इंजिन सुरू झालं. मग दुसरं. लॉऱ्या अंग चोरत मागे सरकू लागल्या. एकीनं कुणाच्या तरी ओट्याची कड उडवली, दुसरीचा आरसा भिंतीला घासून तुटला. बर्फवाला पिकअप इंच इंच पुढे घेत होता. शेवटी गल्लीचं तोंड मोकळं झालं तेव्हा त्याचा सदरा पाण्यातून काढल्यासारखा भिजला होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला, आकडा वाचला आणि नर्सला फक्त म्हणाल्या, "आत." मग बाहेर येऊन त्याच्याशी बोलल्या. "झटके यायच्या आत बाळ बाहेर काढायला हवं. बाळ दिवसांआधी येतंय, लहान असेल. दोघांचंही मी आत्ता काही सांगत नाही. सही करा." सही करताना त्याला स्वतःचं आडनाव आठवेना.

"मीठ बंद सांगितलं होतं ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बरणी मी कपाटात ठेवली होती हो," आई म्हणाली. "पोरीला नाही नाही ते बोलले मी."

ताईनं पाण्याचं सांगितलं. डॉक्टरीणबाई क्षणभर थांबल्या. "पाण्यामुळेच झालं, असं मी म्हणणार नाही. पाणी गोड असूनही बायकांना हे होतं. पण आधीच पेटलेलं असेल तर हे तेल झालं." आणि त्या दारामागे गेल्या.

बाकावर तिघं बसली. समोरच्या दारावरचा लाल दिवा लागला. बर्फवाल्याच्या खिशातला फोन वाजला, कारखान्यातला माणूस.

"मालक, साचे रिकामे झालेत. टाकी भरून घेऊ का? लॉरीवाले थांबलेत."

मागे मोटरची घरघर फोनमधूनही ऐकू येत होती. त्यानं ताईकडे पाहिलं नाही. "मोटर बंद कर," तो म्हणाला. "लॉरीवाल्यांना दुसऱ्या बंदरावर जायला सांग."

"बंद म्हणजे... परत कधी लावू?"

"लावू नकोस."

घरघर थांबली. त्याला वाटलं होतं, आता जरा हलकं वाटेल. काहीच वाटलं नाही. लाल दिवा तसाच होता.

थोड्या वेळानं जिन्यावरून शिंपीण मावशी धापा टाकत आली. गल्लीत गलका झाल्यावर तिला कळलं होतं. सुनेचे जुने मऊ कपडे, चादर, बाळाला गुंडाळायला धुवट फडकी, सगळं पिशवीत भरून आणलेलं. "काही लागलं तर असावं," म्हणत ती आईशेजारी टेकली. तिनं पिशवीतून बाटली काढली, पेल्यात पाणी ओतलं. "घे, दोन घोट घे. घसा कोरडा पडला असेल. आपल्या विहिरीचंच आहे, बाहेरचं नाही."

आईनं पेला हातात घेतला आणि मुलाकडे पाहिलं. ताईही त्याच्याकडेच बघत होती. आज तिनं दिलेली संध्याकाळ अजून व्हायची होती. मावशीची सून पाचव्या महिन्यात होती, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

तो उठला. आईच्या हातातला पेला काढून घेतला.

"मावशी, हे पाणी पिऊ नका. घरीही कुणी पिऊ नका. खारं झालंय."

"खारं?" मावशी हसलीच जराशी. "अरे, जन्म गेला माझा त्या विहिरीवर."

"माझ्या बोअरनं झालंय. मी खोलवरून ओढलं, तर खालचं खारं वर आलं. ही तेच पाणी पीत होती." त्यानं दाराकडे हात केला. "तुमच्या सुनेला आज डॉक्टरांकडे आणा. दाब बघून घ्या."

मावशीचं हसू विरलं.

"तुला कधी कळलं?"

"सकाळी."

"विहिरीवर मी भेटले तेव्हा ठाऊक होतं तुला?"

"हो."

"दुपारी जेवणावर तांब्याभर प्यायली रे माझी सून." मावशी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं बाटलीचं झाकण लावलं, उठली, पिशवी मात्र आईच्या मांडीवर तशीच ठेवली. "तुझ्या बायकोला बरं वाटू दे," ती म्हणाली आणि भिंतीचा आधार घेत जिना उतरली.

दिवा विझला तेव्हा खिडकीबाहेर उन्हं पार उतरली होती. मुलगी झाली होती. ओंजळीत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. बायको शुद्धीत नव्हती, पण दाब उतरायला लागला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजचा दिवस तरी जिंकलो." उद्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

उद्याही गेला, परवाही गेला. बायकोची नजर परत आली. पोरीनं पेटीत पहिल्यांदा मोठ्यानं रडून दाखवलं, तेव्हा नर्सनं त्याला मुद्दाम बोलावून ऐकवलं. मावशीच्या सुनेचा दाब थोडा चढलेला निघाला. वेळेवर कळलं, डॉक्टर म्हणाल्या. मावशीनं हे त्याला सांगितलं नाही, त्याच्या आईला सांगितलं.

गल्लीनं त्याला काही फुलं वाहिली नाहीत. विहिरीवर सगळे जमले तेव्हा त्यानं उभं राहून सगळं सांगितलं, ताईनं आकडे सांगितले. लोकांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या. कुणी म्हणालं, "बर्फ विकून आम्हाला मीठ पाजलंस." तो खाली मान घालून ऐकत राहिला. कोळंबीच्या तलाववाल्याचं आणि वाळूचं नाव निघालं तेव्हा गर्दी तिकडे वळली, आणि त्या गर्दीत तोही गेला. तलाववाल्यानं दोन मोटरी कमी करायचं कबूल केलं. केल्या एकच. वाळूचा उपसा थांबवायला ताईच्या खात्यानं नोटीस काढली, ती अजून टेबलांवरून फिरते आहे. नगरपालिकेनं आतल्या भागातलं पाणी टँकरनं द्यायला सुरुवात केली. टँकर एक दिवसाआड येतो आणि तो आला की गल्लीत भांडी वाजतात.

दीड महिन्यानं बायकोला आणि पोरीला सोडायच्या दिवशी तो गाडी घेऊन गेला. पोर दुपट्यात गुंडाळलेली, त्याच्या आईच्या कुशीत. बायको म्हणाली, "मला माहेरी सोडा."

"कायमची का काय?"

"मी म्हणत होते तेव्हा तुम्ही हसलात," ती म्हणाली. रागानं नाही, दमून म्हणाली. "आता थोडे दिवस तुम्ही एकटे राहून बघा. पोरीला बघायला या. या पाण्याचा भरवसा येईल तेव्हा मी येईन."

आईनं पोरीचं दुपटं सारखं केलं. त्यानं गाडी आतल्या रस्त्याला घेतली. परत येताना शेजारी आई होती, तिची मांडी रिकामी होती.

मिस्त्रीकडे तो दुसऱ्या दिवशी गेला. मिस्त्री ओसरीवर पंखा खोलून बसला होता. त्यानं "या" म्हटलं नाही, "जा"ही म्हटलं नाही. बर्फवाला उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"साचे धड होते," तो म्हणाला.

"मी तेच म्हणालो होतो."

"चार माणसांत बोललो तुला. चुकलं माझं."

"चार माणसांत चुकलात, माफी इथे कुणी नसताना मागताय." मिस्त्रीनं पंख्याचं पातं फुंकलं. "हुशार आहात."

बर्फवाल्याला हसू आलं, पण तो हसला नाही. "मोटर काढायचीय बोअरमधून. कायमची. सगळी माणसं असतील तिथे. तेव्हा हेच पुन्हा म्हणतो."

मिस्त्री आला. बोअरवर तीन खांबांचं तिकाटणं उभं केलं, साखळी लावली आणि पाइप वर ओढायला सुरुवात केली. एकेक जोड वर येत होता, खोलून बाजूला ठेवला जात होता. वरचे पाइप स्वच्छ निघाले. खालचे येऊ लागले तसे गंजानं पोखरलेले, जोडांवर पांढरी बुरशी चढल्यासारखं मीठ साचलेलं. गल्लीतली माणसं दारात उभी राहून बघत होती. शिंपीण मावशीही होती, बोलत नव्हती. सगळ्यांच्या देखत त्यानं मिस्त्रीची माफी मागितली. मिस्त्री म्हणाला, "बरं बरं, साखळी धरा."

ताईनं बोअरच्या तोंडापाशी बसून पाण्याची उंची मोजली. मोटर थांबल्यापासूनच्या दीड महिन्यात खारटपणा मुंगीच्या पावलानं उतरला होता. "किती दिवस लागतील?" त्यानं विचारलं. "वर्षं विचार," ताई म्हणाली. "दोन पावसाळे चांगले झाले, तलाववाला शब्दाला जागला, तर कदाचित. माझ्याकडे याहून पक्कं उत्तर नाही."

तळाची मोटर यायला लागली तशी ती बोअरच्या भिंतीला अडकू लागली आणि साखळी जड झाली. बर्फवाल्यानं पाय रोवले, मिस्त्रीनं त्याच्यामागे हात लावला. बोटवाला बोट लावून परतला होता, तोही येऊन मागे उभा राहिला आणि त्यानंही साखळी धरली.

"सोडू नका," मिस्त्री ओरडला. "आली, आली. एक जोड राहिलाय."